दोन देशांतला पाणीतंटा उजनीच्या मापाने कसा वाचावा

सिंधूचे पाणी तोडले, गंगेवरच्या फराक्का बंधाऱ्यातून पाणी कमी आले, नाइलवरचे धरण भरले. अशी बातमी आली की चर्चा पहिल्याच वाक्यात 'पाणी कुणाचे' यावर येऊन अडकते. हा प्रश्न शेवटी घ्यायचा. त्याआधी चार गोष्टी शोधायच्या: पाणी किती, मोजले कुठे, कोणत्या दिवसांत, आणि दरवाजा कुणाच्या हातात. भीमेवरच्या उजनी धरणाच्या कालव्यावर टेलला, म्हणजे शेवटच्या टोकाला, शेत असलेला माणूस आवर्तनाच्या (कालव्याला पाणी सुटण्याच्या) वेळी हेच विचारतो. म्हणून सोलापूर जिल्ह्यातल्या वाचकाला ही पद्धत परकी वाटणार नाही.

अभ्यासिकेत बसणारी मुले, भूगोलाचे शिक्षक, तालुक्याचे वार्ताहर यांपैकी कुणालाही ती वापरता येईल. सामान थोडे लागते: नदीखोऱ्याचा नकाशा, कराराचा मूळ मजकूर, कॅलक्युलेटर, मोठा कागद आणि दोन-अडीच तास. कराराचा सारांश चालत नाही. तंटा बहुतेक वेळा परिशिष्टातल्या एखाद्या आकड्यावर उभा असतो आणि सारांशात नेमका तोच गळलेला असतो.

आधी रेघ ओढा

कागदावर डावीकडून उजवीकडे नदीची एक रेघ ओढा. तिच्यावर उगम, मोठी धरणे, सीमा, पाणी मोजण्याचे ठिकाण आणि जिथे पाणी वापरले जाते ती शहरे-शेते, एवढ्याच खुणा करा. मग सीमा नदीला कशी भेटते ते बघा. नदी सीमा ओलांडून जात असेल तर भांडण 'वरून किती सोडता' याचे असते. नदीच सीमा असेल तर भांडण 'तुमच्या काठावरून किती उपसता' याचे असते. पुष्कळ नद्यांवर दोन्ही प्रकार असतात. भीमेवरही आहेत. दक्षिण सोलापूर आणि अक्कलकोटच्या कडेने ती महाराष्ट्र-कर्नाटक सीमेवरून वाहते आणि पुढे पूर्ण कर्नाटकात जाते. औजच्या बंधाऱ्यात सोलापूर शहरासाठी साठवलेल्या पाण्याला पलीकडचा काठ इंडी तालुक्याचा आहे, आणि पाणी उपसणाऱ्या मोटारी दोन्ही काठांवर आहेत.

रेघ ओढली की सोलापूर तिच्यावर कुठे बसते ते पाहा. पुणे जिल्ह्यातल्या धरणांच्या दृष्टीने सोलापूर टेलला आहे. कर्नाटकातल्या भीमाकाठाच्या दृष्टीने तेच सोलापूर हेडला, म्हणजे वरच्या टोकाला आहे. मार्च २०२५ मध्ये कर्नाटकच्या मुख्यमंत्र्यांनी महाराष्ट्राला पत्र लिहून उजनीतून भीमेत १ टीएमसी (१०० कोटी घनफूट) पाणी सोडण्याची मागणी केली, तेव्हा सोलापूरची खुर्ची हेडची होती. उजनीच्या वर असलेल्या दौंडचा विसर्ग वाढण्याची वाट पाहताना तीच खुर्ची टेलची असते. दोन देशांच्या तंट्यात हे दुहेरी ठिकाण फार उपयोगी पडते: कुठलाही युक्तिवाद टेलवरून बरोबर वाटला की तो एकदा हेडवर बसून मोठ्याने म्हणून बघायचा. भारताचेही तसेच आहे. सिंधू आणि गंगेवर तो पाकिस्तान-बांगलादेशाच्या वर आहे, ब्रह्मपुत्रेवर चीनच्या खाली.

मापे एका पट्टीवर आणा

सर्वांत जास्त गोंधळ इथे होतो, म्हणून इथे वेळ द्या. प्रत्येक करार वेगळ्या मापात लिहिलेला असतो. सिंधू करार एकर-फुटात, गंगेचा क्युसेकमध्ये, नाइलचा घनमीटरमध्ये. सगळे टीएमसीत आणा.

१ क्युसेक म्हणजे सेकंदाला १ घनफूट, सुमारे २८.३ लिटर.
१ क्युमेक म्हणजे ३५.३ क्युसेक.
१ टीएमसी म्हणजे १०० कोटी घनफूट, सुमारे २.८३ कोटी घनमीटर.
११,५७४ क्युसेक सलग २४ तास चालले की १ टीएमसी.
१० लाख एकर-फूट म्हणजे ४३.५६ टीएमसी.
१ अब्ज घनमीटर म्हणजे ३५.३ टीएमसी.

क्युसेक हा वेग आहे, टीएमसी हा साठा. 'एक लाख क्युसेक पाणी अडवले' या वाक्याला किती वेळ ते सांगितल्याशिवाय अर्थ नाही. एक तास अडवले तर ०.३६ टीएमसी, एक दिवस अडवले तर ८.६४. बातमीत कालावधी नसेल तर तो आकडा कागदावर घ्यायचाच नाही, बाजूला प्रश्नचिन्ह लावून ठेवायचा.

मोठ्या आकड्यांसाठी घरचे माप वापरा. उजनीचा उपयुक्त साठा ५३.५७ टीएमसी, मृतसाठा (त्याखालचा, तळातला) सुमारे ६३.६६, एकूण सुमारे ११७. बातमीतले शंभर टक्के हे उपयुक्त साठ्याचे असतात. त्यामुळे 'उजनी वजा ५० टक्के' याचा अर्थ मृतसाठ्यातले २६.८ टीएमसी वापरले गेले आणि धरणात अजून जवळपास ३७ टीएमसी आहे. हे ज्याला कळते तो दुसऱ्या देशातल्या धरणाचा आकडा वाचताना आपोआप विचारतो की हा एकूण साठा की वापरता येणारा? हा फरक न करता केलेली तुलना फुकट जाते.

कुठे मोजले आणि कोणत्या वर्षाचे

उजनीत किती येणार ते दौंडला कळते. तसे प्रत्येक करारात एक ठिकाण असते. गंगेसाठी ते फराक्का, आणि पलीकडे बांगलादेशात हार्डिंज पूल. दोन ठिकाणांच्या मधे पाणी जिरते, उडते, उपसले जाते, कधी उपनदीने वाढतेही. म्हणून 'आम्ही सोडले' आणि 'आम्हाला मिळाले' हे दोन आकडे जुळत नाहीत आणि तरीही दोन्ही खरे असू शकतात. उजनीतून सोलापूर शहरासाठी नदीत सोडलेले पाणी औजपर्यंत येताना वाळूत, उपशात आणि उन्हात किती जाते हे इथल्या पाणीपुरवठ्याशी संबंध आलेल्या कुणालाही विचारा. बंधाऱ्यात जेवढे पोहोचवायचे त्याच्या कितीतरी पट वरून सोडावे लागते. कर्नाटकने मागितलेला १ टीएमसी दहा दिवसांत सीमेवर पोहोचायचा तर तिथे सतत सुमारे १,१५७ क्युसेक वाहायला हवेत. उजनीच्या दरवाजाशी हा आकडा बराच मोठा लागेल. मग वाटेतली घट कुणाच्या हिश्श्यात धरायची? करारात याचे उत्तर लिहिलेले नसेल तर तंटा तिथूनच उगवतो.

दुसरी खूण वर्षाची. सरासरीवर केलेला करार दुष्काळात मोडतो. कृष्णेच्या पाण्यासाठी १९६९ मध्ये नेमलेल्या बच्छावत लवादाने ७५ टक्के विश्वासार्हता धरून २,०६० टीएमसी वाटले: महाराष्ट्राला ५६०, कर्नाटकाला ७००, तेव्हाच्या आंध्र प्रदेशाला ८००. ७५ टक्के म्हणजे शंभरांतल्या पंचाहत्तर वर्षांत निदान एवढे पाणी मिळेलच. उरलेल्या पंचवीस वर्षांचे काय, हा प्रश्न मागे राहतोच. ब्रिजेशकुमार लवादाने नंतर ६५ टक्के धरले. टक्का खाली आणला की वाटायला पाणी जास्त दिसते, पण तेवढे पाणी खरोखर हाती येते अशी वर्षे कमी होतात. कराराच्या मजकुरात हा टक्का शोधा. नसेल तर कोणत्या वर्षांच्या मोजणीवर वाटप बेतले आहे ते शोधा. गंगेच्या करारात ती वर्षे १९४९ ते १९८८ आहेत.

प्रवाह वाटणारा करार: फराक्का

भारत-बांगलादेश करार १२ डिसेंबर १९९६ चा, ३० वर्षांचा. तो फक्त १ जानेवारी ते ३१ मे या कोरड्या दिवसांना लागू आहे आणि हिशेब दहा-दहा दिवसांचा आहे. पाणी ७० हजार क्युसेक किंवा कमी असेल तर निम्मे-निम्मे. ७० ते ७५ हजार असेल तर बांगलादेशाला ३५ हजार, उरलेले भारताला. ७५ हजारांवर असेल तर भारताला ४० हजार, उरलेले बांगलादेशाला.

हे तीन आकडे घालून बघा. ६० हजार आले: तीस-तीस. ७२ हजार आले: बांगलादेश ३५, भारत ३७. ९० हजार आले: भारत ४०, बांगलादेश ५०. भारताचा ४० हजारांचा आकडा कुठून आला? फराक्का बंधारा १९७५ मध्ये सुरू झाला तो भागीरथी-हुगळीत पाणी वळवून कोलकाता बंदरातला गाळ धुण्यासाठी, आणि त्यासाठी ४० हजार क्युसेक लागतील असा हिशेब होता. वाटपातल्या प्रत्येक आकड्यामागे अशी एखादी गरज असते. ती सापडली की बोलणी कुठे वाकू शकतील ते दिसते.

आता खरी गाठ. ११ मार्च ते १० मे या सर्वांत कोरड्या दिवसांत दोघांना ३५ हजार क्युसेकची हमी आळीपाळीने मिळते. बांगलादेशाला ११ ते २० मार्च, १ ते १० एप्रिल, २१ ते ३० एप्रिल. भारताला मधले तीन टप्पे. अगदी कालव्याच्या पाळीसारखे. ३५ हजार क्युसेक दहा दिवस म्हणजे ३०.२ टीएमसी, उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या निम्म्याहून जास्त. एकाची पाळी भरली की दुसऱ्याच्या वाट्याला तेवढे कमी. म्हणून मार्च-एप्रिलमधली तक्रार वाचताना तारीख बघा: तो टप्पा कुणाच्या पाळीचा होता? हे न बघता 'अन्याय' किंवा 'कांगावा' ठरवू नका.

कराराची कच्ची बाजूही लिहून ठेवा. फराक्क्यावर ५० हजारांपेक्षा कमी पाणी आले तर दोन्ही सरकारांनी तातडीने चर्चा करायची, एवढेच लिहिले आहे. किती द्यायचे ते लिहिलेले नाही. १९७७ च्या करारात टप्प्यातल्या ठरलेल्या हिश्श्याच्या ८० टक्क्यांची किमान हमी होती, ती १९९६ मध्ये राहिली नाही. कराराची ३० वर्षे डिसेंबर २०२६ मध्ये भरतात. नवा मसुदा हातात आला की आधी हे एक कलम काढून वाचा.

नद्याच वाटणारा करार: सिंधू

१९ सप्टेंबर १९६० रोजी कराचीत झालेल्या सिंधू पाणीवाटप कराराचा साचा वेगळा आहे. पूर्वेकडच्या रावी, बियास, सतलज भारताला. पश्चिमेकडच्या सिंधू, झेलम, चिनाब पाकिस्तानला, पण भारताला त्यांवर ठरावीक वापर करता येतो: घरगुती, ठरलेली शेती, वीज आणि मर्यादित साठा. इथे क्युसेक वाटायचे नसल्यामुळे पाळीचे भांडण नाही. भांडण सगळे बांधकामाच्या आराखड्यावर आहे. दरवाजा कुठल्या उंचीवर, तलाव किती खोल, गाळ कसा काढायचा, याच गोष्टींवर वर्षानुवर्षे कागद फिरतात.

आधी साठ्याचा हिशेब. पश्चिमेकडच्या नद्यांवर करार भारताला एकूण ३६ लाख एकर-फूट साठवू देतो. ३.६ गुणिले ४३.५६ म्हणजे १५७ टीएमसी, उजनीच्या उपयुक्त साठ्याच्या मापाने तीन उजन्यांपेक्षा थोडे कमी. या तीन नद्यांचा वर्षाचा प्रवाह मात्र साधारण १३.५ कोटी एकर-फूट धरला जातो, म्हणजे जवळपास ५,८८० टीएमसी, एकशे दहा उजन्या. एकशे दहा उजन्यांचे पाणी तीन उजन्यांत मावत नाही. आणि परवानगी आहे तेवढा साठाही बांधून झालेला नाही. 'पाणी बंद' ही घोषणा कुठल्याही बाजूने आली की हा भागाकार समोर ठेवा.

मग पाकिस्तानला भीती कशाची? वेळेची. चिनाबवरच्या बगलिहारसारखे वीज प्रकल्प वाहत्या पाण्यावर चालतात, त्यांचा तलाव लहान असतो. बगलिहारचा वापरता येणारा साठा करारानुसार नेमलेले निष्पक्ष तज्ज्ञ रेमंड लाफित यांनी २००७ च्या निर्णयात ३ कोटी ७५ लाख घनमीटरवरून ३ कोटी २५ लाख ६० हजारांवर आणला. म्हणजे १.१५ टीएमसी. नदीत ५०० क्युमेक येत आहेत असे धरले तर सगळे दरवाजे लावूनही तो साठा १८ तासांत भरेल. इतक्या साठ्याने पाणी तोडता येत नाही, पण पेरणीच्या आठवड्यात काही तास पाणी मागे-पुढे करता येते, किंवा एकदम सोडता येते. कोल्हापुरी बंधाऱ्याचे बर्गे (पाणी अडवणाऱ्या फळ्या) चुकीच्या दिवशी टाकले किंवा काढले तर खालच्या गावाचे काय होते हे ज्याने पाहिले आहे त्याला ही भीती समजावून सांगावी लागत नाही.

भारताची बाजूही तितकीच ठोस आहे: गाळ. हिमालयातल्या नद्या प्रचंड गाळ आणतात. दरवाजे खालच्या पातळीवर नसतील तर तलाव गाळाने भरून प्रकल्प निकामी होतो. सलाल प्रकल्पात १९७८ च्या समझोत्यानुसार खालचे दरवाजे बंद केले गेले आणि तलाव गाळाने भरत गेला. लाफित यांनी बगलिहारला खालच्या पातळीचे दरवाजे मान्य केले. पण किशनगंगाच्या प्रकरणात लवाद न्यायालयाने २०१३ मध्ये गाळ धुण्यासाठी मृतसाठ्याच्या पातळीखाली पाणी उतरवायला पुढच्या प्रकल्पांसाठी मनाई केली, आणि खालच्या नदीत किमान ९ क्युमेक वाहते ठेवायला सांगितले. दरवाजा खाली असला की गाळ निघतो आणि पाण्यावरचा ताबाही वाढतो. एकच दरवाजा एकाला देखभाल वाटतो, दुसऱ्याला नियंत्रण. या तंट्याचा गाभा हाच आहे.

भांडण कोणत्या पायरीवर आहे

सिंधू करारात तीन शब्द काटेकोर वापरले आहेत. दोन्ही देशांच्या आयुक्तांच्या कायमस्वरूपी आयोगापुढे असतो तो 'प्रश्न'. तिथे सुटला नाही आणि तांत्रिक असेल तर 'मतभेद', तो निष्पक्ष तज्ज्ञाकडे जातो. कराराच्या अर्थाचा असेल तर 'विवाद', तो लवाद न्यायालयाकडे. बातम्यांत तिन्हींना 'वाद' म्हणतात आणि तिथेच वाचकाची वाट चुकते. किशनगंगा-रातले प्रकरणात भारताने तज्ज्ञ मागितला, पाकिस्तानने न्यायालय. २०२२ मध्ये जागतिक बँकेने दोन्ही नेमले. भारताने न्यायालय मानले नाही. पहलगामच्या हल्ल्यानंतर २३ एप्रिल २०२५ रोजी भारताने करार स्थगित ठेवला. करारात मात्र एकतर्फी बाहेर पडण्याचे कलम नाही. दोघांनी नवा करार करून हा संपवेपर्यंत तो चालू राहील, असे त्यात म्हटले आहे. पुढची प्रत्येक बातमी वाचताना या दोन्ही गोष्टी एकाच वेळी ध्यानात ठेवा.

कृष्णेच्या तंट्याशी तुलना करताना एक चूक हमखास होते. राज्याराज्यांतल्या तंट्याला १९५६ चा कायदा, लवाद आणि वर सर्वोच्च न्यायालय आहे. देशादेशांत असे कुणी वर नाही. जे ठरते ते दोघांच्या सह्यांनी. संयुक्त राष्ट्रांचा १९९७ चा जलप्रवाह करार २०१४ पासून लागू आहे, पण भारत आणि पाकिस्तान दोघे मतदानात तटस्थ राहिले, चीनने विरोधात मत दिले. त्यामुळे 'आंतरराष्ट्रीय कायद्यानुसार' असे कुणी म्हणाले की कोणत्या कायद्यानुसार आणि त्यावर सही कुणाची, हे विचारा. त्यातली दोन तत्त्वे मात्र सगळीकडे ऐकू येतात: न्याय्य आणि वाजवी वापर, आणि शेजाऱ्याला मोठी हानी न करणे. हेडवाला पहिले तत्त्व पुढे करतो, टेलवाला दुसरे.

तिस्तेचे उदाहरण छोटे पण उपयोगी आहे. २०११ मध्ये तिच्या पाणीवाटपाचा दिल्ली-ढाका मसुदा जवळपास तयार होता, पश्चिम बंगालच्या विरोधामुळे अडला. पाणी हा राज्यांचा विषय असल्याने रेघेवर फक्त देश दाखवून भागत नाही, राज्येही दाखवा. ब्रह्मपुत्रेवर चीनशी वाटपाचा करारच नाही. पावसाळ्यातल्या प्रवाहाची माहिती देण्याचा समझोता होता, आणि २०१७ मध्ये डोकलामच्या सीमातंट्याच्या वेळी ती माहिती आली नव्हती. नाइलवर १९५९ च्या करारात इजिप्तला ५५.५ आणि सुदानला १८.५ अब्ज घनमीटर मिळाले. ज्या देशातून बहुतांश पाणी येते तो इथिओपिया त्या कागदावर नाहीच. त्याने बांधलेले धरण ७४ अब्ज घनमीटरचे, म्हणजे सुमारे २,६१० टीएमसी, निळ्या नाइलच्या अंदाजे दीड वर्षाच्या प्रवाहाएवढे. इथे साठा खरोखर प्रवाहापेक्षा मोठा आहे. म्हणून 'दुष्काळात किती सोडणार' हा इजिप्तचा प्रश्न सिंधूवरच्या 'पाणी बंद'पेक्षा वेगळ्या वजनाचा आहे. भागाकार केला की हा फरक दिसतो, भाषणे ऐकून दिसत नाही.

गटात करून बघायचे असेल तर

आठ ते बारा जण पुरेत. चार गट करा: हेड, टेल, मोजणीदार आणि लवाद. मोजणीदारांकडे दहा-दहा दिवसांच्या प्रवाहाचे पंधरा आकडे द्या, जानेवारी ते मे. त्यांतले तीन ५० हजारांच्या खालचे ठेवा, बाकी ५५ ते ९५ हजारांत. फराक्क्याचे सूत्र फळ्यावर लिहा. मोजणीदाराने एक-एक आकडा सांगायचा, दोन्ही गटांनी आपला हिस्सा काढून मागायचा, लवादाने फक्त कराराच्या मजकुरावरून निर्णय द्यायचा. पहिले काही टप्पे सुरळीत जातात. ४६ हजारांचा आकडा आला की खोलीत गोंधळ होतो, कारण सूत्राने निम्मे निघतात पण त्यावर कुणाची गरज भागत नाही. लवादाने तिथे थांबवून विचारायचे: मजकुरात काय आहे? 'तातडीने चर्चा'. मग दहा मिनिटे चर्चाच करू द्या.

मधे खुर्च्या बदला. हेडचे टेलला, टेलचे हेडला. आधीच्या फेरीत स्वतः केलेला युक्तिवाद आता समोरून ऐकावा लागतो. दोन चुका सांभाळा. गटांना देशांची नावे पहिल्या फेरीत देऊ नका, नाहीतर आकडे बाजूला पडतात. आणि मोजणीदारांना कुठल्याही बाजूचे मत बोलू देऊ नका, त्यांच्या वहीवर दोघांचा विश्वास राहिला तरच पुढची फेरी चालते.

शेवटचा अर्धा तास एकच काम: ५० हजारांखालच्या पाण्यासाठी दोन्ही गट सही करतील असे एक वाक्य लिहायचे. त्यात मोजण्याचे ठिकाण, माप, टप्पा, किमान हिस्सा, वाटेतली घट कुणाची आणि वही कोण तपासणार, या सहा गोष्टी असल्या पाहिजेत. एखादी राहिली असेल तर कागद परत द्या आणि तीच भरून आणायला सांगा.